बॉनेटखालची झडप आणि तोरणमाळचा घाट

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाला आणि घोडेबाजार पाहायला चारही बाजूंनी माणसं येतात, आणि तापीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. गाड्या उभ्या, इंजिनं चालू. त्या रांगेतल्या प्रत्येक पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली, एका बारीकशा फटीतून, हवा ध्वनीच्या वेगाने धावत असते. सेकंदाला सुमारे ३१५ मीटर, म्हणजे ताशी अकराशे किलोमीटरहून अधिक. गाडी जागची हललेली नसते, चालकाचा पाय पेडलवर नसतो, इंजिन अगदी हळू फिरत असतं. आणि नेमकं तेव्हाच हे घडत असतं. उलट गाडी मोकळ्या रस्त्यावर भरधाव सुटली, पाय पूर्ण दाबला, की त्याच जागी हवेचा वेग बराच कमी होतो.

ही जागा म्हणजे थ्रॉटल बॉडी. ॲल्युमिनियमची एक आखूड नळी, आत एक गोल पितळी किंवा ॲल्युमिनियमची चकती, चकतीच्या मधोमध आडवा दांडा. या साध्या वस्तूत किती गोष्टी एकत्र आल्या आहेत हे समजल्यापासून मला बॉनेट उघडलं की आधी तीच पाहावीशी वाटते.

ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल जातं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पेडलचा पेट्रोलशी थेट संबंध नाही. पेडल फक्त हवेची वाट मोकळी करतं. किती हवा आत शिरली ते सेन्सर मोजतात आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकंच पेट्रोल इंजिनचा संगणक इंजेक्टरमधून सोडतो. हवा पुढे, पेट्रोल तिच्या मागे. हे प्रमाण वजनाने ठरलेलं आहे: एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोल भरतं पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे त्याला जवळजवळ अकरा किलो हवा हवी. अकरा किलो हवेचं आकारमान होतं नऊ हजार लिटरच्या वर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यातल्या हवेचा तिसरा हिस्सा एका लिटर पेट्रोलबरोबर संपतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्याला हवा थोडी कमी लागते; पण हिशोबाचं चित्र तेच राहतं. आपण टाकी भरतो पेट्रोलने, पण इंजिन गिळतं ती मुख्यतः हवा. आणि ती सगळी हवा त्या एका चकतीला विचारूनच आत जाते.

इंजिनचा प्रत्येक सिलिंडर हा मुळात हवेचा पंप आहे. पिस्टन खाली येतो, जागा मोकळी होते, हवा ओढली जाते. मारुती ८०० चं इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचं होतं. मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांवर ते इंजिन, वाट पूर्ण मोकळी असती तर, मिनिटाला तीनशेहून अधिक लिटर हवा ओढू पाहतं. तेवढी हवा मिळाली तर त्याच्या फेऱ्या वाढत वाढत थेट वरच्या टोकाला जातील. उभ्या गाडीला लागतो त्याचा साधारण तिसरा भाग, मिनिटाला शंभरेक लिटर. म्हणून चकती वाट अडवून धरते. पलीकडे सिलिंडर ओढत राहतात, इकडून हवा पुरेशी येत नाही, आणि मधल्या मॅनिफोल्डमध्ये पोकळी तयार होते. बाहेर हवेचा दाब १०० धरला तर आत तो ३० ते ४० पर्यंत उतरलेला असतो.

इथे हवेच्या स्वभावातला एक विलक्षण नियम कामाला लागतो. फटीच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या साधारण निम्म्यावर, नेमकं सांगायचं तर ५३ टक्क्यांच्या खाली गेला, की फटीतल्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोचतो आणि तिथेच अडतो. पलीकडे आणखी कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. सारंगखेडा आणि प्रकाशा इथे तापीवर बॅरेज आहेत. त्यांचा दरवाजा थोडासा उचलला आणि खालच्या बाजूचं पात्र रिकामं असलं, तर किती पाणी सुटेल हे दरवाजा किती उचललाय आणि वर पाणी किती साठलंय यावर ठरतं. खालचं पाणी आणखी दोन फूट उतरलं म्हणून दरवाज्यातून जास्त पाणी येत नाही. थ्रॉटलच्या फटीतही तसंच होतं. आणि त्यामागचं कारण तर फारच सुंदर आहे. पुढे पोकळी वाढली, ही खबर हवेतून मागे पोचते ती ध्वनीच्याच वेगाने. फटीत हवाच त्या वेगाने समोरून येत असते. मग ती खबर फट ओलांडून मागे जाऊच शकत नाही. बाहेरच्या हवेला आतली ओढ कळतच नाही.

याचा फायदा आपल्याला रोज होतो. हवेचा पुरवठा फटीच्या आकारावर पक्का ठरला, की इंजिन आपोआप स्थिर राहतं. फेऱ्या जरा वाढल्या तर तीच हवा जास्त फेऱ्यांत वाटली जाते, प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला कमी येते, इंजिन मंदावतं. फेऱ्या घटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येते, इंजिन सावरतं. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींत एकही सेन्सर नव्हता, तरी त्या एका स्क्रूच्या भरवशावर उभ्या उभ्या शांत चालत राहायच्या, त्याचं मोठं कारण हेच.

ती फट तरी केवढी असते? मिनिटाला शंभर लिटरचा हिशोब मांडला तर एकूण वाट भरते आठ ते दहा चौरस मिलिमीटर, म्हणजे तीन मिलिमीटर बाजूच्या चौकोनाएवढी. चकतीचा व्यास चाळीस मिलिमीटर धरला, तर पूर्ण उघडलेल्या वाटेच्या तुलनेत ही एक टक्काही नाही. आणि ती एका जागी नसते. सगळी हवा चकतीच्या कडेनेच जात असेल तर ती फट पूर्ण परिघावर पसरलेली असते. तिची सरासरी रुंदी येते एक मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढी. माणसाचा केस साधारण तेवढाच जाड असतो. हे मोजमाप लक्षात ठेवा, कारण दुरुस्तीचा सगळा प्रश्न पुढे याच केसभर जागेत आहे.

आता ही वस्तू शोधायची कुठे? बॉनेट उघडल्यावर काळा, मोठा, झाकणाला क्लिपा असलेला डबा दिसतो, तो एअर फिल्टरचा. त्यातून एक जाड, घड्यांघड्यांची रबरी किंवा प्लास्टिकची नळी निघते. तिच्यावरून बोट फिरवत इंजिनकडे जा. ती जिथे संपते आणि क्लॅम्पने आवळलेली असते, तिथे चंदेरी धातूचा तुकडा दिसेल, तीन-चार बोल्टने मॅनिफोल्डवर बसवलेला. तीच थ्रॉटल बॉडी. काही गाड्यांत ती वरच असते, काहींत फिल्टरचा डबाच तिच्यावर ठेवलेला असतो आणि तो काढल्याशिवाय दर्शन होत नाही. पण हवेच्या नळीचा माग सोडला नाही तर चुकायला होत नाही.

जुन्या, केबलच्या गाडीत तिच्या बाजूला अर्धगोल पुली दिसते. पेडलपासून आलेली तार तिच्यात अडकवलेली असते आणि पुलीवर मजबूत स्प्रिंग असते, पाय काढताच चकती मिटवणारी. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला काळ्या प्लास्टिकची छोटी डबी आणि तीन तारा: हा चकतीचा कोन सांगणारा सेन्सर, मेकॅनिकच्या भाषेत टीपीएस. एका तारेतून पाच व्होल्ट येतात, एक अर्थची, आणि तिसरीतून चकती किती उघडली आहे हे विजेच्या दाबात सांगितलं जातं. मिटलेली असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडली की साडेचारच्या आसपास. शिवाय एक छोटी मोटर बसवलेली असते, आयडल कंट्रोलची. चकतीला वळसा घालून जाणाऱ्या बारीक बोगद्यात ती एक सुई पुढे-मागे करते. एसी लावला, स्टिअरिंग वळवलं, हेडलाइट लावले, की इंजिनवर भार पडतो. तेव्हा ही मोटर गुपचूप थोडी जास्त हवा सोडते आणि गाडी बंद पडू देत नाही.

चकतीचा दांडा बरोबर मधोमध का, याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. इंजिन आयडलवर असताना चकतीवर बाहेरची हवा जो भार टाकते तो आठ किलोच्या घरात जातो. दांडा कडेला असता, दारासारखा, तर प्रत्येक वेळी पेडलवर हा सगळा भार पायाने पेलावा लागला असता. दांडा मध्यावर घेतल्यामुळे चकतीचा अर्धा भाग हवा ज्या दिशेने फिरवू पाहते, उरलेला अर्धा बरोबर उलट दिशेने. दोन्ही भार एकमेकांना खोडून टाकतात आणि पायाला उरते फक्त स्प्रिंगची ओढ. ही युक्ती मोटारींची नाही. जेम्स वॉटने १७८८ मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला, तेव्हा तो अशाच फुलपाखरी झडपेला हलवत होता. तापी खोऱ्यातली सुरत-भुसावळ रेल्वे १९०० च्या सुमारास नंदुरबारमार्गे पुरी झाली. तिच्या इंजिनातल्या ड्रायव्हरच्या हातात वाफ सोडणारा दांडा होता. घडण वेगळी, पण काम हेच. वाट कमी-जास्त करून ताकद हातात ठेवण्याची कल्पना मोटार येण्याआधीच रुळांवरून आजच्या नंदुरबार जिल्ह्यात येऊन पोचली होती.

मात्र देवगोई घाटातून अक्कलकुव्याहून मोलगीला, किंवा चांदसैली घाटातून तळोद्याहून धडगावला माणसं आणि बाजार वाहणाऱ्या डिझेल जीपचं बॉनेट उघडून ही चकती शोधाल, तर जुन्या जीपमध्ये ती सापडणार नाही. डिझेल इंजिन हवा अडवत नाही. ते प्रत्येक वेळी पोटभर हवा घेतं आणि डिझेल किती फवारायचं तेवढंच पेडल ठरवतं. नव्या डिझेल गाड्यांत हवेच्या वाटेवर एक झडप असते, पण ती धुराचं नियंत्रण आणि इंजिन हळुवार बंद करणं अशा कामांसाठी. ताकद ती ठरवत नाही. हवा ओढण्यात दमछाक होत नाही, हे डिझेल इंजिन कमी इंधनात जास्त धावण्याचं एक कारण आहे. पेट्रोल इंजिन अर्ध्या उघड्या वाटेतून श्वास घेताना आपलीच थोडी ताकद वाया घालवत असतं.

पण ती पोकळी अगदीच वाया जात नाही. ब्रेक पेडलच्या पुढे, इंजिनच्या मागच्या भिंतीवर एक मोठा काळा गोल डबा असतो. मॅनिफोल्डमधून एक जाड नळी त्या डब्यात जाते. आत पडदा असतो. एका बाजूला पोकळी, आणि ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. ती हवा पडद्याला ढकलते आणि आपल्या पायाचा जोर कितीतरी पटींनी वाढवते. म्हणजे वेग वाढवणाऱ्या पेडलची झडप मिटलेली असते, तेव्हा तिच्या मागची पोकळी वेग थांबवणाऱ्या पेडलला बळ देते. डिझेल जीपमध्ये ही पोकळीच नाही, म्हणून तिला वेगळा व्हॅक्यूम पंप बसवावा लागतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्याच पाठीवर.

आता त्या केसभर फटीकडे येऊ. नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या लागतात, कापसाचे ट्रॅक्टर जातात, उन्हाळ्यात रस्त्यांवर धुरळा असतो. तेव्हा थ्रॉटल बॉडीत साचतं ते बाहेरचं असं वाटणं साहजिक आहे. पण फिल्टर चांगला असेल तर बहुतेक धूळ तिथेच अडते. चकतीच्या कडेला बसणारा काळा चिकट थर मुख्यतः इंजिनच्या आतूनच येतो. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली तेलाच्या टाकीत उतरतो, तिथली तेलाची वाफ घेतो, आणि प्रदूषण होऊ नये म्हणून तो एका नळीने परत हवेच्या वाटेत सोडलेला असतो. त्या वाफेचा थर चकतीच्या कडेला बसतो, नेमका तिथे जिथे फट सगळ्यात अरुंद असते. एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग एवढा थर बसला, तरी आयडलची जवळजवळ पाव वाट बंद होते. मग गाडी चौकात थांबताना बंद पडते, एसी लावला की थरथरते, सकाळी चालू करताना पाय द्यावा लागतो. कधी चकती थरात चिकटते आणि पेडल आधी अडकून मग एकदम सुटतं.

अशी गाडी गॅरेजमध्ये गेली की एक विनंती नेहमीची: ‘भाऊ, रेस थोडी वाढवून द्या.’ पुलीजवळ एक छोटा स्क्रू असतो, ज्यावर मिटलेली चकती येऊन टेकते. तो अर्धा आटा आत फिरवला की फेऱ्या वाढतात आणि मालक खूश होऊन जातो. कार्बोरेटरच्या काळात ही रीत बरोबर होती. तिथे आयडलचा स्क्रू त्यासाठीच दिलेला असायचा, आणि नुसत्या आवाजावरून तो अचूक लावणारे हात या जिल्ह्यातल्या गॅरेजांत तयार झाले. पण १९९८ मध्ये, नंदुरबार वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, सँट्रो मल्टिपॉइंट इंजेक्शन घेऊन बाजारात आली. २००० च्या एप्रिलपासून देशभर धुराचे निकष कडक झाले, आणि कार्बोरेटर मोटारींतून हटत गेला. इंजेक्शनच्या गाडीतला हा स्क्रू आयडल लावण्यासाठी नाही. चकती नळीत घट्ट रुतून बसू नये एवढ्यासाठी तो आहे. कारखान्यात हवेचा प्रवाह मोजून तो लावतात आणि बहुधा त्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपण ठेवतात.

तो फिरवला तर काय होतं पाहा. चकती थोडी उघडी राहते. टीपीएस संगणकाला सांगतो, पेडल किंचित दाबलेलं आहे. संगणक त्यावर विश्वास ठेवतो आणि आयडल सांभाळण्याचं काम सोडून देतो, कारण त्याच्या मते गाडी आयडलवर नाहीच. फेऱ्या वर-खाली हेलकावतात, पेट्रोल जास्त जातं, उतारावर इंधन तोडण्याची सोय बंद पडते. मूळ दोष होता थराचा किंवा उन्हाने तडकलेल्या एखाद्या व्हॅक्यूम नळीचा. तो तसाच राहतो आणि वर दुसरा दोष बसतो. फेऱ्या कमी असतील तर आधी चकती साफ करायची, फेऱ्या वाढलेल्या असतील तर आधी कुठून चोरून हवा शिरते आहे ते शोधायचं. ‘सूं’ असा बारीक आवाज बऱ्याचदा जागा दाखवतो.

जुळवाजुळव करायची ती केबलची. केबलला थोडा खेळ हवा, किती मिलिमीटर ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. खेळ नसेल तर इंजिन गरम होऊन थोडं हललं तरी तार चकतीला ओढून धरते. खेळ जास्त असेल तर पेडल तळाला टेकलं तरी चकती पूर्ण उघडत नाही आणि चढावर गाडी दमते. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने पुली तिच्या शेवटच्या टप्प्याला टेकते का ते पाहायचं. टेकत नसेल तर केबलच्या टोकाचा चेकनट सैल करून बाहेरची नळी पुढे-मागे घ्यायची आणि नट पुन्हा आवळायचा. हे करण्याआधी पायाखालची चटई पाहून घ्यावी. सरकलेली चटई पेडलला अडवते, आणि त्याहून वाईट म्हणजे दाबून धरते. काही जुन्या गाड्यांत टीपीएसची भोकं लांबट असतात, स्क्रू सैल करून तो थोडा फिरवता येतो. तिथे मल्टिमीटर लावून, चकती अगदी हळू उघडत, आकडा न तुटता वर चढतो का ते पाहायचं. मध्येच आकडा उडी मारत असेल तर तो सेन्सर झिजलेला आहे, त्याला फिरवून उपयोग नाही.

साफ करताना थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे आणि मऊ कापड घ्यावं. काही चकत्यांवर आणि नळीच्या आतल्या बाजूला कारखान्यातच खास लेप दिलेला असतो. पॉलिश पेपर किंवा कडक ब्रश मारला तर थराबरोबर तोही जातो. आणि तिला चिकटलेल्या दोन बारीक रबरी नळ्यांत गरम कूलंट असतं, म्हणून इंजिन गार झाल्याशिवाय त्या उघडू नयेत.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत केबल उरलेलीच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत महागड्या मोटारींवर सुरू झालेली विजेची थ्रॉटल बॉडी आता गावोगावच्या छोट्या गाडीत आहे. पेडल दाबलं की एक सेन्सर फक्त इच्छा कळवतो. संगणक ती ऐकतो, इंजिनचं तापमान, एसीचा भार, चाक घसरतंय का, हे सगळं पाहतो आणि मग मोटरला चकती किती अंश फिरवायची ते सांगतो. इतकी मोठी गोष्ट तारांवर सोपवताना अभियंत्यांनी किती शंका काढल्या असतील ते तिच्या घडणीत दिसतं. पेडलला दोन सेन्सर, चकतीलाही दोन. त्यांचे आकडे ठरलेल्या नात्यात असले पाहिजेत, एखादा खोटं बोलला तर लगेच उघडं पडतं. चकतीवर दोन स्प्रिंगांचा असा तोल ठेवतात की वीज गेली तर ती पूर्ण मिटत नाही, किंचित उघडी राहते. जंगलातल्या रस्त्यावर मोटर मेली, तरी गाडी हळूहळू का होईना, गावापर्यंत येऊ शकते. पुष्कळ गाड्यांत चावी फिरवून इंजिन चालू न करता कान दिला तर बॉनेटखालून बारीक कुरकुर ऐकू येते. चकती स्वतःची मिटलेली जागा तपासून घेत असते.

या चकतीला, चावी चालू असताना, कधीही बोट लावू नका. मोटर अचानक फिरली तर बोट कापतं. पेचकसाने ढकललं तर आतले प्लास्टिकचे दाते तुटू शकतात. आणि साफ केल्यावर फेऱ्या वाढलेल्या दिसल्या तर घाबरू नका: थर साचत गेला तसतसा संगणक चकती जास्त उघडायला शिकत गेलेला असतो, आता वाट मोकळी झाली तरी तो जुन्याच सवयीने उघडतो. त्याला नव्याने शिकवावं लागतं. काही गाड्या थोडा वेळ चालवल्या की आपण होऊन शिकतात, काहींना स्कॅनर लावून आज्ञा द्यावी लागते. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, ती तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

ही झडप समजून घ्यायला तोरणमाळच्या रस्त्याइतकी चांगली जागा महाराष्ट्रात क्वचित असेल. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटरवर, तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सात पायरी घाटाची वळणं चढून वर पोचेपर्यंत हवेचा दाब दहा टक्क्यांहून अधिक उतरतो. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिनला खालच्याएवढी हवा मिळत नाही, म्हणून पूर्ण ताकद जवळपास दहाव्या हिश्शाने कमी भरते. कार्बोरेटरची गाडी इथे अडचणीत यायची. हवा विरळ, पेट्रोल मात्र खालच्याच सवयीचं, मग काळा धूर. आजचा संगणक दाब मोजतो आणि पेट्रोल आपोआप आवरतं घेतो. मैदानातही ऋतूंचा असाच खेळ चालतो. जानेवारीच्या पहाटे १० अंशांची हवा आणि मेमधल्या दुपारची ४३ अंशांची हवा, दोन्ही एकाच फटीतून जातात, पण उन्हाळ्यातली तेवढीच हवा वजनाने दहा टक्के हलकी असते. म्हणूनच हवेचं तापमान सांगणारा आणखी एक सेन्सर नळीत बसवलेला असतो.

आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबकडे हिवाळ्यात दवबिंदू गोठतात, त्या पहाटेसाठी ते कूलंटचे दोन पाईप आहेत. फटीतून ध्वनीच्या वेगाने जाताना हवा क्षणभर पन्नासेक अंशांनी थंड होते. २७ अंशांची हवा उणे वीसच्या खाली जाते आणि पुढे वेग उतरताच पुन्हा तापते. दमट, गार हवेत चकतीच्या कडेला बर्फ धरू नये म्हणून इंजिनचं गरम पाणी तिच्या अंगातून फिरवलेलं असतं. ज्या जिल्ह्याची ओळख तापलेल्या उन्हाळ्याने होते, त्यातल्या एका कोपऱ्यात ही सोय खरोखर कामाला येऊ शकते.

घाट उतरताना या झडपेचं सगळ्यात मोठं काम सुरू होतं. गाडी गिअरमध्ये आहे, पाय पेडलवरून काढलेला आहे. चकती मिटते. चाकं इंजिनला फिरवत असतात, पिस्टन पोकळीविरुद्ध ओढत राहतात, आणि त्या ओढीने गाडी आवरली जाते. संगणक पाहतो की चकती मिटलेली आणि फेऱ्या मात्र जास्त. तो इंजेक्टर पूर्ण बंद करतो. फेऱ्या आयडलजवळ येईपर्यंत इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी मात्र आयडल टिकवायला पेट्रोल जाळत राहते आणि वेग आवरण्याचा सगळा भार ब्रेकवर टाकते. इंजिनच बंद केलं तर पोकळी तयार होणं थांबतं. ब्रेकच्या डब्यात दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं.

पेट्रोल वाचावं म्हणून घाटात इंजिन बंद करणारे किंवा न्यूट्रल टाकणारे चालक तोरणमाळला दिसतात, कोंडाईबारीलाही दिसतात. त्यांना हे जरूर सांगा: गिअरमध्ये उतरणारी इंजेक्शनची गाडी उतारावर पेट्रोल खातच नाही, तेव्हा इंजिन चालू ठेवा, चढाला जो गिअर लागला असता तोच उताराला ठेवा, आणि थ्रॉटलच्या त्या रंग लावलेल्या स्क्रूला कुणालाही हात लावू देऊ नका.